कुतुबभाईंचा कोरडा बोअर

औंधवरून खाली उतरलं की यमाईचा डोंगर पाठीशी राहतो आणि समोर नुसता माळ पसरतो. त्या माळाच्या कडेला कुतुबुद्दीनचं घर. घरामागं परसात, शेवग्याच्या झाडाखाली, साऱ्या गावाच्या थट्टेचा विषय होऊन बसलेला एक कोरडा बोअर. कुतुबभाईंची हयात बोअरच्या गाडीवर गेली. खटाव-माणातल्या कितीतरी वस्त्यांना त्यांनी पाणी काढून दिलं आणि स्वतःच्या दारात मारलेला बोअर मात्र ठणठणीत कोरडा निघाला. लोक हसायचे, तसे तेही हसायचे. आता हसण्याइतका दम त्यांच्यात उरला नव्हता. पाषाण फोडताना उडणारी धूळ इतकी वर्षं छातीत गेली होती की फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली होती. खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घुरघुरत असायचं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, हा आजार हटायचा नाही, सांभाळायचा.

त्यांची एकुलती लेक फिरदोस हायस्कुलात भूगोल शिकवायची. सांभाळायचं म्हणजे काय, हे तिनं फारच मनावर घेतलं. साताऱ्याची चांगली नोकरी सोडून ती गावच्या शाळेत आली, आलेली स्थळं परतवली. तिच्या अम्मीनं, नूरजहांनं, कपाळावर हात मारून घेतला. पण ही पोरगी एकदा ठरवलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, आणि इथं तर गोष्टच बापाची होती. अब्बांचा श्वास मी थांबू देणार नाही, असं तिनं अम्मीला तोंडावर सांगून टाकलं होतं.

तर हा बोअर श्वास घ्यायचा. दचकू नका, यात भुताटकी काही नाही. समुद्राला असते तशी हवेलाही भरती-ओहोटी असते. रोज सकाळी उन्हं वर येईपर्यंत हवेचा दाब चढतो, दुपार कलताना उतरतो. माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, जमिनीला लागतो. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. त्या थरांमध्ये भेगा, पोकळ्या, भुसभुशीत तांबडी माती, आणि त्यात कोंडलेली हवा. वर दाब वाढला की खोल कोरडा बोअर हवा आत ओढतो, कमी झाला की बाहेर सोडतो. कुठं वादळ उठून दाब झपाट्यानं पडला, तर पाइपाच्या तोंडाशी चक्क सूं सूं आवाज येतो. फिरदोस वर्गाचा वर्ग परसात आणायची, पाइपावर ओढणीचं टोक धरायची आणि ते फडफडताना दाखवायची. पुस्तकातला धडा असा डोळ्यांनी दिसला की पोरं खूश व्हायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती कपडे वाळत घालायला परसात आली. झाडाचं पान हलत नव्हतं. वाकली तशी तिची ओढणी पाइपाच्या तोंडावर गेली, फुगली, आत ओढली गेली, परत फुगली. फिरदोस तशीच वाकून बघत राहिली. दिवसातून दोनदा घ्यायचा तो श्वास बोअर आता भराभरा घेत होता. तिनं मोबाइल काढून हवेचा दाब बघितला, काटा होता तिथंच होता. मग तिला दुसरी गोष्ट जाणवली. चार-पाच श्वासांनंतर बोअर मध्येच अडकायचा, क्षणभर काहीच नाही, आणि मग एक लांबलचक घरघर. ते अडकणं तिच्या ओळखीचं होतं. रोज रात्री भिंतीपलीकडून ती तेच ऐकत झोपायची.

तिनं शेजारचं घमेलं उचललं आणि पाइपावर पालथं घातलं. वर मातीचा ओला गोळा थापला.

घरातून अम्मीची हाक आली, फिरदोस धाव, अब्बांना बघ. तिनं घमेलं लाथेनं उडवलं आणि आत पळाली. यंत्र चालू होतं, नळी नाकात होती, तरी अब्बांचे ओठ निळे पडले होते. ती खाटेपाशी पोचेपर्यंत त्यांचा श्वास परत आला. एकदा झालेला प्रयोग हा प्रयोग नव्हे, तो पुन्हा करून बघावा लागतो, हे ती वर्गात शंभरदा सांगायची. हा प्रयोग पुन्हा करायची तिची छाती झाली नाही. पुढं ग्रामपंचायतीनं कोरडे बोअर बुजवायची टूम काढली, तेव्हा ती तावातावानं भांडली आणि आपल्या बोअरवर झाकणाऐवजी जाळी बसवून घेतली. का, ते कुणाला सांगितलं नाही.

डोंगराच्या उतारावर समतल चर खणायचं काम गावात बरीच वर्षं चाललं होतं, आणि त्यातही फिरदोसच पुढं. तिच्या जोडीला शेजारचा जोतिबा, फौजेतून रिटायर झालेला गडी. पाऊस पडतो तो पळून जातो, त्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेला मुरेल, असं ती घरोघर पटवत फिरली होती. त्या वर्षी परतीचा पाऊस असा कोसळला की चर काठोकाठ भरले. ते पाणी मुरमातून झिरपत, भेगांतून वाट काढत खाली उतरत राहिलं. नवरात्रात एके सकाळी जोतिबानं सहज म्हणून जाळीतून खडा टाकला आणि खालून डुबुक असा आवाज आला. तासाभरात अर्धं गाव परसात. कुणी नारळ फोडला, कुणी जाळीला हार घातला, बाईंनी पाणी आणलं म्हणून बायकांनी फिरदोसची दृष्ट काढली. तिचे डोळे भरून आले होते. एवढ्यात अम्मीनं तिला दंडाला धरून आत नेलं. अब्बांच्या छातीत डुबुक डुबुक वाजत होतं.

साताऱ्याला डॉक्टरबाईंनी सुई घालून छातीतलं पाणी काढलं. या आजारात सहसा असं होत नाही, असं म्हणाल्या, आणि तपासायला बाटली भरून दिली. ती घेऊन जिन्यानं उतरताना फिरदोसला कळलं की बाटली गार आहे. बापाच्या अंगातून आत्ताच निघालेलं पाणी गार कसं, हे विचारायला ती परत वर गेली नाही. घरी आल्यावर जोतिबा डोकं खाजवत उभा. बोअरचं पाणी पुरुषभर खाली गेलं होतं, आणि कुणी थेंबभरही उपसलं नव्हतं.

आठवडाभरात पाणी वर चढलं. अब्बांच्या छातीतही चढलं. सारखी सारखी सुई घालता येणार नाही, डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं. फिरदोसनं फोन ठेवला, तोंड धुतलं आणि अम्मीला म्हणाली की आपण बोअरमध्ये मोटर सोडतोय. आपल्याला पटो न पटो, करून बघण्यात काय जातं.

गेलं बरंच काही. मोटर चालू झाली आणि पाणी जोतिबाच्या शाळू ज्वारीच्या रानात धो धो जाऊ लागलं. शाळू तुडुंब झाला तरी मोटर बंद होईना. लाईट गेली तर मंडपवाल्याचा जनरेटर. शेजारच्या विहिरींचं पाणी उतरायला लागलं, तशी परवा दृष्ट काढणारी माणसं तोंड फिरवून जाऊ लागली. शेवटी जोतिबाच आला, आणि तो कधी नव्हे तो रागावलेला होता.

"पोरी, समद्या गावानं हाताला फोड येस्तोवर चर खणलं. आन तू त्येच पानी मातीत घालतीस व्हय? तुला झालंय तरी काय?"

खोटं बोलायला तिला जमलं नसतं आणि खरं सांगण्यासारखं नव्हतं. ती त्याला हाताला धरून खाटेपाशी घेऊन गेली. मोटर चालू होती तोवर अब्बा शांत पडून होते. तिनं बाहेर जाऊन खटका बंद केला. थोड्या वेळानं अब्बांच्या गळ्यात गुळगुळ वाजू लागलं. जोतिबा वाकून ऐकत होता. तो ताठ झाला, बाहेर आला आणि स्वतःच्या हातानं खटका वर ढकलला.

"काका, अब्बांना श्वास घेऊ द्या," फिरदोस म्हणाली. "पुढच्या साली मी दुप्पट चर खणीन."

"माजा पाइप आनतो," तो म्हणाला. "वड्यापातुर जाईल."

दिवाळी मोटरीच्या आवाजातच गेली. मग एका संध्याकाळी पाइपातून पाण्याची धार तुटली, थुंकल्यासारखं थोडं पाणी आलं आणि मागोमाग हवा. बोअर पुन्हा कोरडा.

त्या रात्री अब्बा आडवे होऊन झोपले. कित्येक वर्षं ते बसूनच झोपत होते.

मग सुधारणा अशी झपाट्यानं झाली की अम्मीला आनंदानं रडू आवरेना. यंत्र आधी रात्रीचं बंद झालं, मग दिवसाचं. अब्बा भाकरी कुस्करून पोटभर जेवू लागले, परसात फेऱ्या मारू लागले. डॉक्टर म्हणाल्या, काय केलंत ते करत राहा. एक दिवस जोतिबा त्यांना चर दाखवायला डोंगराच्या उतारावर घेऊन गेला. परत आला तो घामाघूम, गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होता. कुतुबभाई एकदाबी थांबला न्हाई, म्हणाला, वर जाईस्तोवर बोलतच हुता.

फिरदोसनं पाइपावर हात धरून बघितला. संथ, खोल, न अडकणारा श्वास. तिला मनापासून बरं वाटलं.

डिसेंबरात माळावर थंडी कडाक्याची पडते. हवा इतकी गार होते की तोंडातून निघालेल्या ऊबदार श्वासातली वाफ बाहेर येताक्षणी निवून तिचं धुकं दिसतं. हाही धडा पुस्तकात आहे. त्या सकाळी परसात चूल पेटलेली होती. अम्मी चुलीशी, जोतिबा कानटोपी घालून दगडावर, फिरदोस शाल गुंडाळून उभी. अम्मीनं चहाला हाक मारली, तिच्या तोंडातून वाफ निघाली. जोतिबानं हातावर फुंकर मारली, त्याचीही निघाली. अब्बा फिरदोसच्या समोर शेवग्याला पाठ करून बसले होते.

"लय दिसांनी छाती मोकळी वाटतीया, बेटा," ते म्हणाले. "तू सोडलं न्हाईस मला."

त्यांच्या तोंडापुढची हवा नितळ होती.

फिरदोस एक पाऊल जवळ गेली. थंडी कमी-जास्त असेल, ते आगीपाशी बसलेत, असं काहीतरी ती मनाशी जुळवत होती. तिनं त्यांना विचारलं, अब्बा, अजून चहा घेणार?

अब्बा हसले आणि बोलू लागले. चहाचं बोलले, शेवग्याच्या शेंगांचं बोलले, कुठंही धाप न लागता. आणि त्यांच्या खांद्यावरून फिरदोसला बोअरवरची जाळी दिसत होती. शब्दागणिक त्या जाळीतून वाफेचा लोट उठत होता, आणि अब्बा थांबले की तोही थांबत होता.