मुके पक्षी

सासूबाई जाऊन तीन आठवडे झाले, तरी तिची झोप काही जागेवर आली नव्हती. अकरा वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. वाचा गेलेली. काही हवं असलं की पलंगाच्या लोखंडी कडेवर कंगवा आपटायच्या. दोनदा, मग जरा थांबून एकदा. ती शाळेच्या ग्रंथालयातून दमून आलेली असो की नुकती पाठ टेकलेली असो, "आले, आई" म्हणत उठायची.

"चल, नदीवर पक्षी बघून येऊ," एका सुट्टीच्या दिवशी नवरा म्हणाला. "चेहरा बघ कसा उतरलाय तुझा."

"मला नुसतं पडू द्या हो."

"तिथे बाक आहेत. तिथे पड."

वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून ती गेली.

अभयारण्य म्हणजे नदीकाठचं कुंपण, वहीत नाव-नंबर लिहून घेणारं फाटक आणि बांबूची एक लांबट झोपडी. भिंतीला बसल्या उंचीवर फटी ठेवलेल्या. आत ओल्या लाकडाचा वास. समोर पात्राच्या मधोमध वाळूचं बेट, आणि त्यावर शे-दोनशे करडे पक्षी, लांब चोची पाठीत खुपसून उभे. सकाळचे नऊ वाजले होते, धुकं नुकतंच विरलं होतं.

"हजारो मैलांवरून येतात," गाइड हळूच म्हणाला. उतारवयाचा, कमी बोलणारा माणूस. "पण इथे मुके असतात. आवाज काढतात तो तिकडे, घरट्यापाशी. चोवीस वर्षांत मी एकदाही ऐकला नाही."

ती बाकावर टेकली. डोळे मिटले.

टक् टक्. टक्.

कळायच्या आत ती उभी राहिली होती. तोंडातून "आले" सुद्धा निघून गेलं होतं.

"सुतारपक्षी असेल गं," नवरा हसला.

गाइड हसला नाही. त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. "बेटावरून आला."

ती ओशाळून पुन्हा बसली. एका पक्ष्याने मान वर केली आणि चोच वाजवली. दोनदा, मग जरा थांबून एकदा. शेजारच्याने तेच केलं. मग सगळं बेट वाजायला लागलं, एका तालात, एकही चोच मागेपुढे नाही.

ती उठली. आवाज थांबला.

बसली. सुरू झाला.

"साहेब, जरा तुम्ही उठून बघता?" गाइडने विचारलं. नवरा उठला. चोची वाजतच राहिल्या. गाइड स्वतः उठला, तरी तेच. मग ती गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उभी राहिली, आणि अशी शांतता पडली की काठाला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं.

"कसला आवाज आहे हा?" नवऱ्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं तो शेजारच्याच खोलीत झोपत होता.

तिला भीती वाटली नाही. नुसता तो जुना थकवा वाटला, पायाच्या तळव्यांपासून वर चढत येणारा.

ते लगेच निघाले. काठाकाठाने ती चालली तशा बेटावरच्या सगळ्या माना तिच्यामागे वळत गेल्या. गाडीपाशी ती बराच वेळ दार धरून उभी राहिली. शेवटी बसावंच लागलं. नवऱ्याने काच वर केली.

घरी त्या रात्री तिला झोप लागली. गाढ, एका दमात, सकाळपर्यंत. पुढेही लागत राहिली. तिने तो दिवस मनातून काढून टाकला.

ऊन तापायला लागलं होतं, तेव्हा एका दुपारी गाइडचा फोन आला.

"ताई, बाकीचे सगळे पक्षी केव्हाच परत गेले. हे गेलेच नाहीत."

"मग?"

"आज सकाळपासून आडवे पडलेत. सगळेच्या सगळे, एकाच कुशीवर. मेलेले नाहीत, डोळे उघडे आहेत." तो घुटमळला. "तुम्हाला का सांगतोय, माझं मलाच कळत नाही."

तिने पायानेच चपला शोधल्या.

"मला यायला दोन तास लागतील," ती म्हणाली. "तोवर त्यांची कूस बदलून ठेवा. एकट्याने नको, दोघं मिळून करा. आणि ओढू नका हं. कातडी लगेच सोलवटते."