मंगळवारी जमीन हलली नव्हती

“मंगळवारी सकाळी तुमच्या घरात काही हललं का?” विनुतानं तमिळमध्ये विचारलं.

“काहीच नाही,” दारातली बाई म्हणाली. वसुमतीनं वहीत तेविसावी फुली मारली.

नवरात्राच्या सुट्टीत तेरा वर्षांची वसुमती, तिची धाकटी बहीण विनुता आणि चुलतभाऊ कार्तिकेय तंजावूरहून पापनाशमजवळच्या खेड्यात आजोबांकडे आले होते. मंगळवारी शाळेच्या स्वयंपाकघराची नवी भिंत कोसळली. शाळेत मुलांचं जेवण रांधणाऱ्या चंद्रमतीअक्का सुट्टी असूनही तेव्हा आत भांडी घासत होत्या. त्यांचा उजवा पाय चिरडला.

“भूकंप झाला, मी काय करणार?” कंत्राटदार व्यंकटरमण सगळ्यांना सांगत सुटला. “हनुमंतराव मास्तरांचंच पुस्तक वाचा!”

हनुमंतराव म्हणजे मुलांचे आजोबा. तीस वर्षं सायकलवरून गावोगाव फिरून त्यांनी कावेरीकाठच्या भूकंपांचा इतिहास जमवला होता. कुठल्या साली फळीवरची भांडी पडली, कुठल्या विहिरीचं पाणी गढूळ झालं, सगळं लिहून ठेवलं होतं. नकाशावर त्या गावांचे ठिपके एका रेषेत आले. तिथं जमिनीखाली खोलवर जुनी भेग आहे, घरं मजबूत बांधा, असं त्यांनी पुस्तकात छापलं. तेव्हा गाव हसलं होतं. आता तेच गाव कंत्राटदारासमोर माना डोलवत होतं.

“आजोबा, तुमचं पुस्तक खोटं आहे का?” कार्तिकेयनं विचारलं होतं.

“खरं आहे. म्हणून तर त्याला ते वापरता आलं.”

मग घरोघर जाऊन, कुणाच्या तोंडी उत्तर न घालता धक्क्याबद्दल प्रश्न कसा विचारायचा, हे त्यांनीच मुलांना शिकवलं.

पण वही पाहून व्यंकटरमण हसला. “बारीक धक्का बायकांना काय कळतोय? जा, खेळा.”

“बायकांना कळत नाही म्हणे,” विनुता रस्त्यात धुसफुसली.

“मग ज्यांना कळतं त्या बाहुल्यांना विचारू,” वसुमती म्हणाली आणि शाळेपासून चार-पाच घरं पलीकडे, शेषम्मांच्या घरात शिरली. तिथं नवरात्राचा गोलू मांडला होता. नऊ पायऱ्यांवर मातीच्या बाहुल्या, आणि सर्वांत वर बूड फुटलेला कृष्ण, घडी केलेल्या पुठ्ठ्यावर कसाबसा तोललेला.

“हा मंगळवारनंतर पुन्हा उभा केलात?”

“छे गं. मंगळवारच्या आधीच मांडलाय. गोलू मांडला की विजयादशमीपर्यंत बाहुली हलवत नाहीत.”

कार्तिकेयनं पुढे येताना पाऊल जरा जोरात टाकलं आणि कृष्ण डुलला.

“हळू रे!” शेषम्मा ओरडल्या. “पावलानं डुलतो, मग भूकंपानं पडलाच असता,” कार्तिकेय पुटपुटला.

गुरुवारी तालुक्याचे अधिकारी चौकशीला आले. मुलांनी त्यांना भिंतीकडे जाऊच दिलं नाही, आधी गोलूपुढे उभं केलं. अधिकाऱ्यांनी एक पाऊल आपटून पाहिलं. मग ते शाळेकडे गेले आणि पडलेल्या भिंतीतला गिलावा त्यांनी बोटांनी चुरला. नुसती वाळू. सळी एकही नव्हती.

“शाबास पोरांनो,” अधिकारी म्हणाले. मुख्याध्यापकांनी तिघांना शाली दिल्या. लोक आजोबांनाही भेटले. “म्हणजे मास्तर, आपल्याकडे भूकंप होत नाही, हेच खरं!”

“मंगळवारी झाला नाही, एवढंच,” आजोबा म्हणाले. ऐकायला कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा आणि तिन्ही मुलं तंजावूरच्या इस्पितळात गेले. अक्कांचा पाय गुडघ्याखाली कापला होता. वसुमतीनं त्यांना सगळं सांगितलं, पण बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला.

“हुशार आहात गं,” अक्का म्हणाल्या. “पण भिंत कलली आहे, हे मी महिनाभर सांगत होते. तेव्हा कुणी बघायला आलं नाही.” त्यांनी आजोबांकडे पाहिलं. “तुम्हालाही सांगितलं होतं, मास्तर. तुम्ही नकाशा काढत होता.”

आजोबांनी खाटेचा दांडा धरला.

“हो,” ते म्हणाले. “सांगितलं होतंस.”