उद्या ये, चवळीखाऊ

"नाव?" फोटो लॅबच्या काउंटरमागच्या उंच माणसाने मान वर न करताच विचारलं.

"तेनिन."

"आडनाव?"

"त्राओरे."

त्याचं पेन थांबलं. त्याने सावकाश मान उचलली, मला डोक्यावरच्या रुमालापासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि नाकावर हात धरला.

"तरीच! मघापासून दुकानात चवळीचा वास कुठून येतोय म्हणतोय मी."

मागची माणसं फिदीफिदी हसली. मी कमरेवर हात ठेवले. "आणि साहेबांचं आडनाव?"

"जारा. सिबिरी जारा."

"अगंबाई, जारा! म्हणजे आमच्या आजोबांचा पळालेला गुलाम इथे लपलाय होय? चल घरी. अंगण झाडायचं राहिलंय."

आता तर अख्खं दुकान खदखदलं. तोही हसला... आणि हसताना त्याच्या उजव्या गालावर एक खळी पडली. एकाच गालावर. दुसरी बहुतेक धुवायला टाकली होती, यायची होती अजून.

आमच्याकडे हे असंच चालतं. त्राओरे आणि जारा या दोन कुळांतली माणसं समोर आली की एकमेकांची टर उडवणार म्हणजे उडवणारच. चवळीखाऊ म्हणा, गुलाम म्हणा, गाढव म्हणा, पण रागवायचं नाही. जो रागावला त्याची पिढ्यांसकट लाज गेली. वाडवडिलांनी घालून दिलेली सोय आहे ती, आणि झकास सोय आहे. फक्त एक गोची आहे. जारा त्राओरेला जे काही बोलतो, ते कोणी म्हणता कोणी खरं धरत नाही.

ही गोची लक्षात ठेवा. तिनेच माझा जीव टांगणीला लावला.

मी रोल दिला. सुलेमानकाकाने पॅरिसहून आणलेल्या कॅमेऱ्यात त्याने माझे फोटो काढले होते. निळा कडक झगा, शेजारी स्टुलावर रेडिओ, चेहऱ्यावर बळंच आणलेली लाज. पॅरिसमध्ये काकाच्या ओळखीचा कोणी लासिने होता, त्याला बायको हवी होती. आधी काळा-पांढरा फोटो पाठवला, तर म्हणाला, यात मुलगी नीट कळत नाही, रंगीत पाठवा. जशी काही मी साडेतीन हात कापडच! बकरी ईद झाली की त्या शुक्रवारी काका परत निघणार, फोटो सोबत नेणार, तिकडून होकार येणार, की माझी पाठवणी. सगळं ठरलेलं. फक्त रोल धुऊन यायचा बाकी.

"कधी मिळेल?" मी विचारलं.

"उद्या ये, चवळीखाऊ."

आमच्या बामाको शहरात रंगीत फिल्म धुणारी तेव्हा ही एकच लॅब. नाव 'जिगी', म्हणजे आमच्या भाषेत आशा. आणि चालायचीही आशेवरच. कधी डाकारहून येणारी गाडी रुळावरून घसरलेली, म्हणजे रसायन नाही. रसायन आलं की वीज नाही. वीज आली की उन्हाळा असा, की नळाला चहाचं पाणी. मग सिबिरी मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणून रसायन थंड करायचा आणि लोकांच्या लग्नाच्या फोटोंना नदीच्या माशांचा वास यायचा. एक बाई रोज येऊन भांडायची – "अरे मेल्या, बारशाचे फोटो दे! पोराला दात आले!"

"मग दातांचाही रोल आणा मावशी, दोन्ही एकदम धुतो," सिबिरी शांतपणे म्हणायचा.

मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. मग मोजायचं सोडून दिलं.

"झाला का?"

"तुझा चेहरा बघून रसायन नासलं."

"माझा नाही, तुझ्या हातचं आहे म्हणून नासलं. गुलामांना कोण शिकवतं असली कामं!"

असं भांडून घरी यायचे... आणि वाटेत एकटीच हसायचे. कधी आंबे घेऊन जायचे. "बाजारात सडके उरले होते, गुलामासाठी आणले," म्हणायचे. निवडून निवडून घेतलेले असायचे हो! तो आंबा हातात घेऊन उगाच वास घ्यायचा आणि माझ्याकडे बघायचा. एकदा बर्फाचा तुकडा त्याने माझ्या तळहातावर ठेवला – "घे, उन्हातून आलीस." बोटं जरा जास्तच वेळ राहिली. बर्फ विरघळला तरी मी मूठ उघडली नाही.

इकडे घरी काका रोज विचारायचा, "आला का फोटो?" आणि मी तोंड पाडून "नाही" म्हणायचे. आत उकळ्या फुटायच्या. मग ईद आली, बोकडं कापली गेली, आणि उकळ्या थांबल्या. पुढचा शुक्रवार काकाचा होता.

सोमवारी मी लॅबमध्ये गेले तेव्हा गर्दी होती. मी काउंटरवर वाकून हळूच म्हटलं, "सिबिरी... रोल खराब होऊ शकतो ना? म्हणजे... असतात ना अपघात?"

त्याची खळी नाहीशी झाली. "मी कुणाचा रोल खराब करत नाही, तेनिन. लोक माझ्या हातात घरं देतात त्यांची."

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली होती.

"मग दे पाठवून मला पॅरिसला," मी म्हटलं. "तिथे तरी वेळेवर फोटो मिळतील."

"नको जाऊस." तो थांबला. "माझ्याशी लग्न कर."

आणि दुकानात जो हशा फुटला...

"ऐका, ऐका! जारा त्राओरेची पोरगी मागतोय!"

"घे ग बाई, रोज चवळी शिजव त्याला!"

दातांच्या पोराची आई तर हसून हसून बाकावर बसली. आणि मी? मीही हसले. सवय हो! लहानपणापासून जारा बोलला की हसायचं, एवढंच ठाऊक. हसता हसता त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता की नव्हता, कळेना. खळी नव्हती. पण डोळे खाली होते.

थट्टा होती? खरं होतं? कुणाला विचारणार! त्यालाच विचारलं, तरी तो जारा आणि मी त्राओरे. काहीही म्हणाला तरी थट्टाच. बुधवारी बाजारातून घरी आले तर बाबा अंगणात शेजाऱ्यांसोबत पोट धरधरून हसत होते. त्यांनी कोलाच्या बीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला – "खा! एका गाढवाने पाठवलाय." आमच्याकडे सोयरीक जमली की कोला वाटतात; कोणाच्या तरी लग्नाचा असेल म्हणून मी तोंडात टाकला. कडू होता. मला सगळंच कडू लागत होतं.

गुरुवारी लॅबमध्ये गेले. सिबिरीने पाकीट पुढे केलं.

"झाले?"

"झाले."

उद्या नाही. चवळी नाही. गुलाम नाही. म्हणजे थट्टाच होती तर. खरं असतं तर कोणी स्वतःच्या हाताने असं देतं का?

"बरं," मी म्हटलं. "मग... जाते."

"जा. तुझ्या बाबांनी उत्तर दिलंच आहे."

मी वळले. "कसलं उत्तर?"

"काल भाटबुवा आले होते तुमच्याकडे. जेलिमादी कुयाते. माझ्याकडून कोला घेऊन. रीतीप्रमाणे." तो काउंटरवरची पेनं उगाच सरळ करत राहिला. "भाटबुवांनी माझं नाव सांगितलं, आणि तुझे बाबा आडनाव ऐकूनच हसत सुटले. म्हणाले, जारा माझी पोर मागतो? मग सोबत चवळीचं पोतं का नाही पाठवलं? सगळ्यांना कोला वाटून टाकला. अख्खं अंगण हसत होतं मला."

मी काउंटरपाशी परत आले. "वाटला?"

"हो."

"बाबांनी स्वतः खाल्ला?"

"खाल्ला. तुझ्या काकानेही खाल्ला. भाटबुवांनी बघितलं. कशाला जखमेवर..."

"सिबिरी!" मी काउंटरवर अशी थाप मारली की पेनं उडाली. "अरे महामूर्खा! नकार असला की कोला परत पाठवतात. आणि होकार असला की?"

त्याने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

"...खातात," तो म्हणाला. "आणि वाटतात."

"शेजाऱ्यांसकट! साक्षीदारांसकट!"

तो काउंटरवरून वाकला. अगदी जवळ आला. "आणि तू? तू खाल्लास?"

मी दात दाखवले. कोलाचा तांबूस डाग अजून गेला नव्हता.

तेव्हा मी पहिल्यांदा त्याची डावी खळी पाहिली. हसू पुरेसं मोठं असलं की तीही पडते म्हणे.

"पण थट्टेत खाल्ला त्यांनी," तो परत गंभीर झाला. "आणि उद्या तुझा काका निघतोय."

"म्हणून तर. चवळीचं पोतं घे. उद्या सकाळीच."

शुक्रवारी अंगणात काकाच्या पेट्या बांधून ठेवल्या होत्या. फोटोंचं पाकीट माझ्या हातात, आणि काकाचा हात पुढे. "दे पोरी, उशीर होतोय."

मी पाकीट छातीशी धरलं. दाराकडे बघते तर कोणी नाही. काकाचा हात तसाच.

आणि फाटकातून जेलिमादी भाटबुवांचा खणखणीत आवाज आला. त्राओरेंचे पूर्वज, त्यांचे धनुष्य, त्यांची दानत, सगळं गात गात ते आत आले. मागे सिबिरी, डोक्यावर पोतं. त्याने ते बाबांच्या पायाशी उतरवलं. गाठ सुटली आणि चवळी अंगणभर पसरली.

बाबा हसायला लागले. "अरे, खरंच आणली की जाराने!"

भाटबुवा हसले नाहीत. "कोला तुम्ही खाल्लात. वाटलात. चवळी मागितलीत, तीही आली. आता जारांचं घर विचारतंय, लग्नाचा दिवस कोणता?"

बाबांचं हसू अर्ध्यावर गोठलं. "बुवा, ती थट्टा होती."

"थट्टा जिभेची असते. कोला पोटात गेलाय."

काका भडकला. "हे काय चाललंय! पॅरिसला मी काय तोंड दाखवू?"

"हेच दाखव," भाटबुवा म्हणाले. "दात अजून तांबडे आहेत तुझे."

भिंतीपलीकडून कोणीतरी फिसकन हसलं. बाबांच्या कपाळाची शीर ताठली. आता रागावले असते तर? पण समोर जारा! जारावर रागवायची सोयच नाही ना. त्यांनी सिबिरीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तेनिन. उभा जन्म तू लोकांच्या टोप्या उडवल्यास. हे पण तुझंच का?"

"चवळी माझी, बाबा. कोला त्याचा." मी रुमालाने डोळे पुसले. "पण आता... आता मी थट्टा करत नाहीये."

ते मला ओळखतात. मी कधी रडत नाही हेही त्यांना ठाऊक. त्यांनी वाकून मूठभर चवळी उचलली, बोटांतून गाळली.

"किडकी आहे," ते म्हणाले. "जाराकडून दुसरं काय येणार! पण त्राओरेने खाल्लेला कोला ओकायचा नसतो." आणि आईकडे वळून ओरडले, "अगं, चूल पेटव! जावई उपाशी दिसतोय. चवळीच घाल त्याला, घर कळू दे!"

काका एकटाच गेला, फोटोशिवाय. त्या निळ्या झग्यातला फोटो पुढे कित्येक वर्षं लॅबच्या काचेत होता. नीट वास घेतला तर मासळीचा यायचा.

आणि आमच्या लग्नाचा रोल? तो आमची पोरगी रांगायला लागली तेव्हा मिळाला. स्वतःच्या लॅबमधून, स्वतःच्या नवऱ्याकडून!

एक गोष्ट मात्र मला आजतागायत कळली नाही. माझा पहिला रोल खरंच गाडीमुळे आणि बर्फामुळे अडला होता, की ह्या माणसाने कधीचाच धुऊन ठेवला होता? अजून विचारते. काल रात्री जेवताना विचारलं. त्याने ताटातली चवळी पुढे सरकवली, दोन्ही गालांवर खळ्या पाडल्या आणि म्हणाला –

"उद्या ये, चवळीखाऊ. उद्या सांगतो."