झोपवलेला टॉवर

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. ही माझ्या सख्ख्या मावसभावाची, दादाची गोष्ट आहे, त्याच्याच तोंडून ऐकलेली. भुतं म्हणे रात्रीच येतात. कसलं काय! हे घडलं भर दुपारी, बंद पडलेल्या दगडखाणीजवळच्या मोबाइल टॉवरखाली.

दादा मोबाइल कंपनीत. जुनी यंत्रं काढून कमी वीज खाणारी नवी बसवायची, हे त्याचं काम. नव्या यंत्राची खुबी अशी, की फोन करणारं कुणी नसेल त्या वेळी त्याला झोपवून टाकता येतं. वीज वाचते, साहेब खूश.

खाण बंद पडल्यावर त्या बाजूला माणूस उरलं नव्हतं. उरली होती फक्त दादाची थोरली बहीण, आमची ताई. भावोजी गेल्यावरही तिने खाणीमागचं घर सोडलं नाही.

"दुपारी कुणी फोन लावला तर?" दादाने साहेबांना विचारलं होतं.

"पलीकडचा टॉवर घेईल की सांभाळून. नकाशा बघ!"

नकाशात सगळं हिरवंगार, म्हणजे सगळीकडे रेंज होती. मधली टेकडी काही नकाशाला दिसत नव्हती. म्हणून तर नियम आहे, की यंत्र झोपवलं की तिथे स्वतः जाऊन, फोन हातात धरून रेंज बघायची. दादा गेला नाही. अहो, बहिणीच्याच दारात जायचं होतं! "जाऊ पुढच्या आठवड्यात," म्हणाला, आणि राहून गेलं.

झोपलेल्या यंत्राला कोण हाका मारतंय ते कळत नाही. रिपोर्टमध्ये यायचं, दुपारी कुणाचाही फोन नाही. मग साहेब त्याची झोप आणखी वाढवायचे.

ताई अशाच एका दुपारी गेली.

छातीत कळ आली असणार. सापडली तेव्हा फोन मुठीत घट्ट होता. त्यावर दादाचाच नंबर, पुन्हा पुन्हा लावलेला. एकदाही न लागलेला.

दादाने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. ऑफिसात काय? "फार वाईट झालं," म्हणाले. आणि त्याच आठवड्यात वीजबचतीचा केक कापला मेल्यांनी.

काही दिवसांनी साहेबांनी बोलावलं. "तुझा खाणीजवळचा टॉवर दुपारी झोपत नाहीये. वीज खातोय नुसती. बघून ये जरा."

दादा गेला. ऊन रणरणत होतं. ऑफिसचा कॉम्प्युटर म्हणत होता, यंत्र जागं आहे. इथे तर दिवा विझलेला. त्याने यंत्राला हात लावला...

बर्फासारखं गार.

आणि खिशातला फोन वाजला...

स्क्रीनवर ताई.

ताईचा फोन तर दादाच्याच कपाटात होता. बंद करून ठेवलेला.

"लागला बाई एकदाचा!" आवाज तिचाच. धाप लागलेला. "बारक्या, छातीत कसंतरी होतंय रे. लवकर ये."

काय बोलणार तो? तू गेलीस, असं सांगणार?

"आलोच, ताई."

फोन कट झाला. साहेबांना त्याने थाप मारली, पार्ट मागवलाय म्हणून. दुसऱ्या दुपारी परत टॉवरखाली येऊन बसला.

"कुठवर आलास?"

"वाटेतच आहे, ताई."

तिसऱ्या दुपारी तिचा आवाज पार खोल गेला होता. "डोळ्यांपुढे अंधार येतोय रे. येतोयस ना?"

"आलो, आलो. दाराशीच आलो बघ!" दादा रडत म्हणाला. तेवढाच तिला धीर. दुसरं हातात होतंच काय त्याच्या?

मग फोनमधून ऐकू आलं...

ठक. ठक. ठक.

तिच्या दारावर.

टॉवरखालून ते घर समोर दिसतं. दारात कुणी नव्हतं. दादानेच घातलेलं कुलूप बाहेर लटकत होतं.

"आलास होय रे!" ताई हसली. "थांब हं, उघडते."

दादा उठून ओरडला. "ताई, थांब! तो मी नाही! उघडू नकोस!"

कडी सरकल्याचा आवाज आला...

आणि रेंज गेली.

तो धावत सुटला. कुलूप उघडलं. आत नुसती धूळ, बाकी कुणी नाही.

त्या दिवसापासून यंत्र अगदी वेळेवर झोपतं. साहेबांनी पाठ थोपटली. "शाब्बास! काम फत्ते!"

घरी दादाने हा विषय काढायलाच बंदी केलीय. माझ्याशी मात्र बोलतो.

"मी खोटं बोललो नसतो तर तिने दार उघडलं नसतं रे. माझ्या भरवशावर उघडलं तिने. कुणाला उघडलं?"

भेटला की तो अजून हेच विचारतो.