एकसष्टाव्या मिनिटाचा गुडघा

"माझा शेवटचा सामना कोणता?"

देवश्रीने कन्सोलला हे विचारलं ते केवळ अल्फिया आणि ऋणाली या संघातल्या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. "विचार की! घाबरलीस व्हय?" अल्फियाने डिवचलं होतं. आणि चांदणी तालमीच्या मुलींच्या फुटबॉल संघाची सेंटर फॉरवर्ड घाबरली, असं अख्ख्या कोल्हापुरात कुणी म्हटलेलं चाललं असतं का?

'फुलटाइम' या फुटबॉल गेमचा हा एकतिसावा भाग. पप्पा शाळेत असताना सातवा खेळायचे, तेव्हा त्यात फक्त परदेशी खेळाडू असायचे. आता नडगीच्या पॅडमध्ये मसुराएवढी चिप बसवायची. पाऊल कसं पडतं, कसं वळतं, हे सगळं ती गेमला कळवते आणि महिन्याभरात पडद्यावर तुमची 'जुळी' उभी राहते. तुमच्यासारखीच पळणारी, तुमच्यासारखीच दमणारी. तिला पुढचे सामने आजच खेळायला लावता येतात.

"येत्या रविवारचा!" गेमचा समालोचक उत्साहाने ओरडला. "एकसष्टावं मिनिट, उजवा गुडघा!"

तिघी खोखो हसल्या. ऋणालीने तो सामना पुन्हा लावला. मग पुन्हा. वीस वेळा लावला, त्यात सतरा वेळा पडद्यावरची देवश्री गुडघा धरून कोसळली. हसू केव्हाच थांबलं होतं. रविवारी फायनल होती.

ऋणालीने न राहवून संघाचे प्रशिक्षक इंगवले सरांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सरांनी देवश्रीला संघातून काढलं.

"सर, मला काहीच दुखत नाही!"

"अजून नाही, पोरी. पण हे बघितल्यावर तुला उतरवू कसा?"

घरी येऊन ती रागारागाने तोच सामना पुन्हा बघत बसली. कॉर्नर घेण्याआधी जुळीने डाव्या बुटाने दोनदा माती उकरली. देवश्री चमकली. ही तर अल्फियाची सवय! पुढे हेडर मारून जुळी एकाच पायावर उतरली. अशी उतरते ऋणाली.

मग देवश्रीच्या लक्षात आलं. तालमीत पॅड कधी कुणा एकीचे नसतातच. खिळ्याला मोठी पिशवी टांगलेली. हात घालायचा, लागेल ती जोडी बांधायची. लवकर येणारीला घट्ट पट्ट्यांची, उशिरा येणारीला कुबट वासाची. चिपा बसवताना सरांनी जोड्यांवर नावं घातली होती, पण इतक्या वर्षांची सवय एका स्टिकरने मोडते होय? 'देवश्री' लिहिलेली जोडी सगळ्या संघाच्या पायांवरून फिरली होती.

म्हणजे तो गुडघा कुणाचाही असू शकत होता. कदाचित तिचाच.

तिने अल्फियाला फोन केला. सगळं ऐकून अल्फियाने आवाज खाली आणला.

"देवू, कुणाला बोलू नकोस हां. रविवारी राज्याच्या संघासाठी निवड करणारे येणार आहेत. सरांना कळलं तर सगळ्यांनाच बाहेर बसवतील. परत कोण येतंय आपल्याला बघायला?"

"आणि तुझाच गुडघा असला तर?"

"तर असू दे," म्हणून तिने फोन ठेवला.

जेवताना देवश्रीने आईपप्पांना सगळं सांगितलं.

"अकरा जणींचे गुडघे दोन दिवसांत कुठला डॉक्टर तपासणार?" पप्पा म्हणाले. "आणि तू तर बाहेरच आहेस. तुला कशाला पाहिजे हे?"

"पोरी जन्मभर बोलून दाखवतील तुला," आईने तिच्या ताटात भाकरी वाढली. "स्वतःला खेळायला मिळालं नाही म्हणून आमचंही घालवलं, म्हणतील."

"म्हणू देत." देवश्रीने ताट बाजूला सारलं. "उद्या सरावाच्या आधी मी सरांना सांगणार आहे. सगळ्यांसमोर. अल्फिया बोलायची बंद झाली तरी. आणि डॉक्टरकडे पहिला गुडघा माझा दाखवणार. पण पप्पा, सगळ्यांचे गुडघे ठणठणीत निघाले, तर त्यांचा रविवार मीच हिसकावून घेतला, असंच होईल ना?"