चार पोती सरकी

मानवतच्या जिनिंगसमोर दत्तरावांची जुनी मोटार धूर टाकून बसली ती बसलीच. मागे जोडलेला डबा भर रस्त्यात आडवा. डबा म्हणजे त्यांचा चाकांवरचा फोटो स्टुडिओ. आत कॅमेरा, दिवे, बागेचा रंगवलेला पडदा. जत्रा असेल तिथे तो जायचा, आणि त्याच्यामागे दत्तराव, नर्मदाबाई आणि त्यांची लेक वच्छला.

मागून सरकीची पोती भरलेली जीप येऊन थांबली. चालवणारा सुग्रीव उतरला आणि डब्याच्या पायरीवर बसलेल्या वच्छलेला म्हणाला, "घर घेऊन रस्त्यात काय बसलाव?"

"कुणी जीपवाला येतो का बघायले."

"आला की."

"पण ओढील का तुमची जीप?"

"हत्ती ओढील."

"ओढायचं सोपं असतंय… थांबवायचं अवघड."

हे वाक्य बापाचं होतं, पण त्या दिवशी तिच्या तोंडी लय शोभून दिसलं. सुग्रीव तिथंच घसरला म्हणा ना!

दत्तरावांनी जीप हंगामभर ठरवली. त्यांचा कायदा साधा होता: ओढणारं जड पाहिजे, ओढलं जाणारं हलकं, नाहीतर उतारावर गाडीच बैलाला हाकते. जीप पडली हलकी. म्हणून पोती वजनाला जीपमध्येच ठेवायची आणि डबा जमेल तितका रिकामा. पुढे सुग्रीवशेजारी दत्तराव बसत आणि मायलेकी एसटीनं येत. बोलणं व्हायचं ते जत्रेत पोचल्यावर. सुग्रीव दर जत्रेत फोटो काढून घ्यायचा.

"हसा," वच्छला कॅमेऱ्याशेजारून म्हणायची.

"तुमी तिथं असल्यावर हसू येतंय व्हय? बाजूला व्हा."

ती काही बाजूला होत नसे… आणि एकाही फोटोत तो हसलेला नाही.

बापाला दिसत नव्हतं थोडंच? जिंतूरच्या जत्रेआधी दत्तराव म्हणाले, "सुग्रीव, जिंतूरच्या वाटेवरचा उतार सुखरूप उतर. मग तुझ्या घरी बोलणी करायला येतो."

जागा धरायला ते पहाटेच्या एसटीनं पुढे गेले. जीपमध्ये पुढे नर्मदाबाई, मागे पोत्यांवर वच्छला, असं ठरलं. नर्मदाबाई मारुतीला नारळ फोडायला गेल्या आणि वच्छला पोत्यांवर चढून बसली. डोकं ताडपत्रीला टेकलं.

"आरशात नुसता पदर दिसायलाय," सुग्रीव म्हणाला.

"मग चार पोती डब्यात टाका ना."

"मालक काय म्हणतील?"

"चार पोत्यांनी काय होतंय?"

त्यानं डब्याच्या मागच्या दारातून चार पोती आत ढकलली. वच्छला आता खाली बसली. डब्यावर नजर ठेवायचा आरसा त्यानं हळूच तिच्याकडे वळवला.

वाटेत नर्मदाबाईंना डुलकी लागली.

"जिंतूरला तुमचे वडील बोलणारच हायत," तो आरशात बघत म्हणाला.

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"मला… तुमी लय आवडताव."

तोवर उतार लागला होता. मागे जड झालेला डबा शेपटी हलवायला लागला, जीपला डावीउजवीकडे ओढायला लागला. सुग्रीवनं आरसा फिरवला, पण उशीर झाला होता. जोडणीची कडी तुटली आणि डबा रस्त्याकडेच्या चारीत आडवा झाला. माणसांना खरचटलंसुद्धा नाही. कॅमेऱ्याचा मात्र चुरा झाला.

निरोप गेल्यावर दत्तराव ट्रकनं आले. डब्यात डोकावून त्यांनी एवढंच विचारलं, "पोती कुणी हलवली?"

वच्छलेनं तोंड उघडलं, पण बापाचा चेहरा बघून तिचा धीरच सुटला.

"म्या," सुग्रीव म्हणाला.

"ज्याला डब्याचं वजन सांभाळंना, त्याच्या हाती लेक कशी देऊ?"

सुग्रीव पोती परत जीपमध्ये भरत होता. वच्छला जवळ गेली. "माझं नाव का न्हाई घेतलं?"

"ते तुमीच घ्यायचं. जा, सांगा. म्या थांबतो."

तो खरंच थांबला, जीप चालू ठेवून. ती काचा वेचत राहिली. आत्ता उठते, आत्ता उठते म्हणता म्हणता जीप गेली.

नवा कॅमेरा आला त्या दिवशी तिनं बापाला सगळं सांगितलं. दत्तरावांनी हातातला कॅमेरा खाली ठेवला.

"येडे, पोरगं एकट्यानं बेफिकीर वागलं म्हणून मी भ्यालो. दोघांनी मिळून केलंत कळलं असतं, तर दोघांच्या कानाखाली वाजवून लगीन लावून दिलं असतं." मग म्हणाले, "पाथरीच्या जत्रेत भेटंल तो. मीच बोलतो."

तिनं त्या जत्रेसाठी हिरवं लुगडं काढून ठेवलं.

सुग्रीव आला, फोटो काढायलाच आला. शेजारी हळदीच्या अंगाची नवी नवरी होती. दत्तरावांनी लेकीकडे पाहिलं आणि खाली मान घालून कॅमेरा लावला. दोघं बागेच्या पडद्यापुढे बसली. वच्छला नेहमीच्या जागी, कॅमेऱ्याशेजारी उभी होती.

"हसा," ती म्हणाली.

आणि तो हसला.