अकराव्या गाण्यावरचे ओरखडे

अयूब आला तेव्हा त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेली एक सीडी होती आणि चेहऱ्यावर घरातलं कुणी गेल्यासारखी कळा.

"इंदुताई, हे माझ्या मशीननं केलं नाई. एवढंच सिद्ध करून द्या. पाच वाजेपर्यंत."

इंदुताई बोरकुटे ब्रह्मपुरीत खासगी चौकशीचं काम करत. चोऱ्यांपेक्षा सोयरिकीच्या चौकश्याच जास्त. त्यामुळे गावात कोण कुणावर जळतं आणि किती वर्षांपासून, याची खतावणी त्यांना तोंडपाठ होती. शेजारी निवृत्त हवालदार देवाजी बशीतला चहा फुंकत होते. डोकं इंदुताईंचं आणि मोटारसायकल देवाजींची, अशी ती भागीदारी होती.

"पाचच काऊन?" देवाजींनी विचारलं.

"पाचले स्टँडवर जीपवाल्यांची बैठक आहे. सव्वीस जीपांत मी प्लेअर बसवले. फटीत सीडी लावली का मशीनच आत ओढून घेते, ते. आता सगळे म्हणतात, अयूबची मशीन सीडी खाते, काढून घे. सव्वीस मशीन परत आल्या तर माझ्या दुकानात पुन्हा कोण पाय ठेवन?"

२००४ सालची ही गोष्ट. दिवाळी होऊन मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम लागला होता. मंडई म्हटली की झाडीपट्टीत नाटक आलंच. नाटकाच्या दिवशी दुपारी मंडळाची जीप भोंगा लावून आसपासच्या गावांतून फिरते. वनश्री नाट्य मंडळाने त्यासाठी नागपूरहून अकरा गाण्यांची सीडी भरून आणली होती. बारावं गाणं बसलं नसतं, इतकी गच्च. एकच प्रत होती आणि स्टुडिओवाल्याचा कॉम्प्युटर बंद पडल्याने दुसरी निघणारही नव्हती.

काल दुपारी, मंडळाने भाड्याने घेतलेल्या बिरजूच्या जीपमध्ये लावून पाहिली, तेव्हा ती नीट वाजली. रात्रभर मंडळाच्या घरात होती. आज सकाळी नऊला भोंगा तपासायला पुन्हा लावली, तर दहा गाणी ठीक आणि अकरावं अडखळू लागलं.

"अकरावं कुणाचं?"

"सुकरीबाईचं. मंडळाची जुनी नटी."

"आणि पहिलं?"

"मंजुषाचं. नवी पोरगी आहे. सगळे तिचंच नाव घेऊन राह्यले. मशीनचं काम नाई तर तिचं."

इंदुताईंनी सीडी खिडकीच्या उजेडात धरली. चकाकत्या बाजूवर, अगदी काठाला, विळ्याच्या पात्यासारखी एक वाकडी पट्टी खरवडलेली होती. काठाच्या पाव घेराएवढी लांब. तेवढ्याच जागेवरून कशाचं तरी टोक पुन्हा पुन्हा फिरलं होतं.

"चला, आधी मशीनला विचारू," त्या म्हणाल्या.

बिरजूची जीप स्टँडवर सगळ्यांत मळकी होती. इंदुताईंनी एक कोरी सीडी घेतली आणि देवाजींना फटीत घालायला लावली. आत, बाहेर. आत, बाहेर. चाळीस वेळा. देवाजींना काम आवडलं.

मग त्यांनी ती उन्हात धरली. तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा होत्या. एकमेकींच्या शेजारून, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ गेलेल्या.

अयूबचं तोंड उतरलं. "म्हणजे घासते."

"घासते. फटीच्या कापडात धूळ बसली की घासते. खोटं कशाला बोलायचं?"

"अन् आत फिरताना घासली असंन तर?" देवाजींनी विचारलं.

"तर रेघ कशी उठेल?"

"गोल."

"पुरी की अर्धी?"

"चकती फिरते म्हटल्यावर पुरीच उठंन." देवाजींनी बोटाने हवेत गोल काढला.

समोरच्या दुकानातला धनराज हा सगळा प्रयोग दारात उभं राहून पाहत होता. तो कॅसेटचे डेक विके. अयूबचं दुकान चाललं तेव्हापासून त्याच्याकडचे डेक धूळ खात होते.

"आनंद झाला ना, धनराजभाऊ?" इंदुताईंनी विचारलं.

"झाला. लपवू कशाले? मी तर सव्वीसही जीपवाल्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सरळ रेघा पडतीन. पडल्या का नाई?"

"आज सकाळी मंडळाच्या घरी तुम्ही गेला होता म्हणे."

"भोंग्याची वायर तुटली होती. आठले गेलो, साडेआठले निघालो. घरी सुकरीबाई एकटीच होती, सीडी खाटेवर पडून होती. पाहा बाई, मले बिघडवायची असती तर मी आतली कड खरवडली असती. सीडी आतून बाहेर वाजत जाते. आत मारली का सारीच मेली. एक गाणं मारून मी काय करू?"

देवाजी मोटारसायकलवर बसताना पुटपुटले, "मले हाच वाटते."

"तुम्हाला जो जास्त बोलतो तो वाटतो."

मंडळाचं घर पेठेच्या मागे होतं. अंगणात मंजुषा आरशासमोर भुवया कोरत होती.

"मी काल वडस्यालेच होती. आज बसनं दहाले इथी उतरली. कंडक्टरले विचारा, सुट्ट्या पैशांवरून भांडली मी त्याच्याशी. इथी आली तर सीडी बिघडलेलीच होती."

"पण जळतेस की नाही?"

मंजुषाने आरसा खाली ठेवला. "जळते. माझ्या गाण्याले पोट्टे शिट्ट्या मारतात. बाईच्या गाण्याले बाया पदर डोळ्याले लावतात. पहिलं गाणं देऊन काय होते?"

देवाजी कंडक्टरला गाठायला गेले. पोरगी भांडल्याचं त्याला चांगलंच आठवत होतं.

सुकरीबाई आतल्या खोलीत लसूण सोलत बसली होती. पन्नाशीची, कपाळ मोठं, आवाज अजून ठणठणीत. तिच्यामागे लाकडी पेटीत जुन्या गाण्यांचे तवे, म्हणजे तबकड्या, उभ्या रचलेल्या होत्या.

"हे अजून वाजतात?" इंदुताईंनी विचारलं.

"वाजतात तर. माझा बाप लग्नात भोंगा लावे. मी सात वर्षांची, तवा ठेवायचं काम माझं. सुई काठावर ठेवली का पहिलं गाणं सुरू." तिचा चेहरा क्षणभर फुलला. "मग इथी आली. एकोणीस हंगाम झाले. जीप गावात शिरताना जे गाणं लागते ना बाई, तीच मंडळाची नटी. लोक तोंड नाई पाहत, गाणं ऐकतात. एकोणीस हंगाम माझंच गाणं शिरलं."

"यंदा शेवटी टाकलं."

"टाकलं."

"आणि नेमकं तेच बिघडलं. राग नाही आला?"

"कुणावर करू? मशीननं खाल्लं. गाणं माझं गेलं, मी काही म्हणत नाई, तर तुम्ही कशाले उकरता?" लसणाच्या पाकळीबरोबर तिने अंगठ्याची कातडीही सोलली होती. तिला ते कळलं नव्हतं.

चार वाजता इंदुताईंनी सगळ्यांना अंगणात बसवलं. धनराज मुद्दाम लांब, पायरीवर बसला.

"मशीन सीडी घासतं का? घासतं," इंदुताई म्हणाल्या. "पण आत ओढताना घासलं तर सरळ रेघ पडते. आत फिरताना घासलं तर पुरं वर्तुळ उठतं. ही पट्टी सरळ नाही आणि पुरी गोलही नाही. पाव घेरात मागेपुढे फिरलेला हा माणसाचा हात आहे. अयूब, तुझं मशीन सुटलं."

अयूबने डोळे मिटले.

"आता धनराजभाऊ. यांना मशीनवर आळ आणायचा असता, तर यांनी सरळ रेघा ओढल्या असत्या. त्या कशा पडतात हे यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मंजुषा कालपासून गावात नव्हती, सीडी बिघडल्याचं कळल्यावर तासाने उतरली. मग उरलं कोण?"

"कोणीच नाई," देवाजी म्हणाले. "सुकरीबाई स्वतःचंच गाणं काऊन मारतीन?"

"आपण सगळे तिथेच अडलो, देवाजी. कोणतं गाणं मेलं ते पाहत बसलो. कोणतं मारायचं होतं, ते कुणी पाहिलंच नाही. तव्यावर पहिलं गाणं काठाला असतं. जिने सातव्या वर्षापासून सुई काठावर ठेवली, ती पहिलं गाणं शोधायला कुठे जाईल?"

देवाजींनी सीडी उचलून तिचा काठ पाहिला.

"सीडी आतून सुरू होते, बाई. ही सीडी गच्च भरलेली, म्हणून काठावर अकरावं होतं. तुमचं. ज्याचं गाणं जातं तो चोर शोधा म्हणतो. उकरू नका म्हणणाऱ्या एकट्या तुम्ही होता."

सुकरीबाईने सोललेला अंगठा पदरात धरला.

"धनराज गेला, तवा अंबाड्याची पिन काढली," ती म्हणाली. "मले वाटलं, काठावर हिचं असंन. नऊले बिरजूनं लावली. हिचं गाणं खणखणीत सुरू झालं. मी म्हटलं, बरंच झालं, देवानं पापातून वाचवलं. मग अकरावं लागलं."



"तुमचं गाणं गेलं, तो तुमचा हिशेब," इंदुताई म्हणाल्या. "पण अयूबच्या सव्वीस जीपा त्यात येत नाहीत. मी स्टँडवर सांगितलं तर लोक म्हणतील, पैसे घेऊन बोलते. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"म्हणजे मी या पोरीवर जळली, हे साऱ्या स्टँडले सांगू?"

"हो."

सुकरीबाईने अयूबकडे पाहिलं. तो काही मागत नव्हता, नुसता उभा होता. तिने पदर खोचला आणि चप्पल शोधली.

पाच वाजता स्टँडवर बिरजू प्लेअर काढायला पेचकस घेऊन तयारच होता. सुकरीबाई त्याच्या जीपच्या पायरीवर चढली. भोंगा नको म्हणाली.

"मशीनचा दोष नाई. हात माझा होता. नव्या पोरीचं गाणं मारायले गेली अन् माझं मेलं. हसायचं असंन तर हसा."

कुणी हसलं नाही. अयूब घसा खाकरून म्हणाला, "धूळ असली तं मशीन घासते, हेही खरं आहे. दर सोमवारी साऱ्यांच्या फटी मी साफ करून देईन." बिरजूने पेचकस खिशात टाकला.

पायरीशी उभ्या मंजुषाने हळूच विचारलं, "बाई, ते अकरावं गाणं पुरं येते का तुम्हाले?"

"माझंच आहे. येणार नाई?"

"मग उद्या जीपमध्ये बसा. मशीन दहा वाजवन, अकरावं तुम्ही म्हणा." आणि लगेच, कुणी आपल्याला भली समजू नये म्हणून तिने घाईने जोडलं, "पण गावात शिरताना गाणं माझंच लागंन."

पायरीवरून उतरण्यासाठी सुकरीबाईने हात पुढे केला, आणि मंजुषाने, जरा उशिराच, तो धरला.